न हलणारी घोडी

पाडव्याची सकाळ. सगळ्यांच्या घरी गुढ्या उभारायची घाई, आणि रेवतीच्या घरी काठी बाल्कनीत आडवी पडलेली. रेवती कानाला फोन लावून हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये फेऱ्या मारत होती. फोनवर होता गाझियाबादचा सतबीर, घोडीवाला. बिचारा घोडीला घेऊन रस्त्यानं चालत येत होता आणि दर थोड्या वेळानं त्याचा फोन वाजत होता.

"सतबीरजी, कहाँ तक पहुँचे? अच्छा. और वो बात याद है ना? घोड़ी हिलनी नहीं चाहिए. बिल्कुल नहीं."

"याद है मैडम. इंतज़ाम कर दिया है. एकदम सीधी खड़ी रहेगी."

"झालं?" श्यामकांत बाल्कनीतून म्हणाला. श्यामकांत म्हणजे तिचा नवरा. बायकोच्या धावपळीत आपण शांत राहायचं, हे त्यानं लग्नानंतर लवकरच ठरवून टाकलं होतं. "त्यानं तुझा नंबर ब्लॉक केला ना, तर मी त्याच्या बाजूनं साक्ष देईन."

"तू आधी गुढी उभार. जोक नंतर मार."

आता कोणी म्हणेल, एका घोडीसाठी एवढा जीव काय खालीवर करायचा? पण त्याला कारण होतं, आणि कारण साधं नव्हतं. दिल्लीच्या मयूर विहारातल्या मराठी मंडळाची पाडव्याला शोभायात्रा निघते. पुण्या-मुंबईसारखी नाही, आपली आटोपशीर. नऊवारी नेसलेल्या बायका, लेझीम, ढोल-ताशा, आणि पुढे घोड्यावर फेटा बांधलेली एक मुलगी. गेल्या वर्षी ही घोड्याची कल्पना निघाली तेव्हा सगळे हरखून गेले. घोडी आणली सतबीरचीच. चांदनी तिचं नाव. पांढरीशुभ्र, देखणी.

आणि तिथंच माती खाल्ली. दिल्लीत भाड्यानं मिळते ती लग्नाची घोडी. तिला आयुष्यभर एकच गोष्ट शिकवलेली असते, ढोल वाजला की नाचायचं. हे दिल्लीतल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. पण मंत्रालयात फायली हलवणाऱ्या, मोठमोठ्या कंपन्यांत प्रेझेंटेशनं देणाऱ्या मंडळाच्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही, की तिच्या मागे आपण वीस ढोल लावतोय! पहिला ठोका पडला आणि चांदनी पुढचे पाय उचलून नाचायला लागली. वर बसलेली मैत्रेयी, शेजारच्या विजयालक्ष्मीची मुलगी, धाडकन खाली आली. खांद्याचं हाड मोडलं.

मैत्रेयीला घोडीवर बसवलं होतं रेवतीनं. मंडळाची सेक्रेटरी तीच. 'काही होत नाही हो, मी आहे ना,' असं विजयालक्ष्मीला सांगितलं होतं तेही तिनंच. ते हाड पुढे जुळलं, पण दोन घरांमधलं बोलणं बंद पडलं ते पडलंच. यंदा घोडीवर कोण बसणार, हा विषय निघाला तेव्हा मीटिंगमध्ये सगळे आपापल्या चहाकडे बघायला लागले. आणि रेवतीची मयुरा म्हणाली, "मी बसते." कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेली, दर रविवारी नोएडाला घोडेस्वारी शिकायला जाणारी मयुरा. रेवतीला तिला तिथंच गप्प करायचं होतं. पण नाही म्हणायला तोंड कुठं होतं? दुसऱ्यांच्या मुली चढवायच्या आणि स्वतःची वेळ आली की मागे ओढायची, असं लोक म्हणाले असते, आणि खरंच म्हणाले असते.

तेव्हापासून रेवतीला धड झोप नव्हती. डोळे मिटले की मैत्रेयीच्या जागी मयुरा पडताना दिसायची. म्हणून ते फोन. म्हणून 'घोड़ी हिलनी नहीं चाहिए'.

सोसायटीच्या गेटाशी चांदनी आली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. लेझीमवाल्या मुली तिच्याभोवती सेल्फी काढत होत्या, पोरं ओरडत होती, कोणीतरी तिच्या कानाशी शिट्टी फुंकली. घोडी हलली नाही. शेपूटसुद्धा नाही.

"वा!" पद्माकरकाका म्हणाले. हे मंडळाचे अध्यक्ष, केंद्र सरकारच्या हिशेबखात्यातून रिटायर झालेले, आणि ढोलपथकावर पोटच्या पोरासारखं प्रेम. "याला म्हणतात शिस्त. रेवती, मानलं तुला. गेल्या वर्षीची हीच का ती?"

"हीच काका. सांगून ठेवलं होतं मी," रेवती म्हणाली. कित्येक दिवसांनी तिनं मोकळा श्वास घेतला. बाई गं, सुटलो एकदाचे, असं तिला झालं. तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि प्रसादाच्या ताटलीतला गुळाचा खडा चांदनीपुढे धरला. चांदनीनं तो हुंगला आणि तोंड फिरवलं.

"घोडे गूळ सोडत नाहीत," मयुरा म्हणाली. ती हिरवी नऊवारी नेसून, फेटा काखेत धरून आली होती. ती घोडीच्या बाजूला गेली, मानेवरून हात फिरवला आणि मग खाली वाकून तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आई, इकडे ये."

"काय झालं?"

"फेस बघ."

चांदनीच्या ओठांच्या कोपऱ्यात फेस जमला होता. घोड्यांना येतो तसाच. पण पांढरा नव्हता. गुलाबी होता.

मयुरानं सतबीरला लगाम काढायला सांगितलं. तो आधी नाहीच म्हणाला. मग तिनं स्वतःच पट्ट्याला हात घातला, तसा तो पुढे आला आणि पुटपुटत त्यानं लगाम सोडवला. तोंडातली लोखंडी कडी बाहेर आली. दोन्ही टोकांना, ओठांच्या कोपऱ्यांत बसतील अशा गोल चकत्या, आणि चकत्यांना आतल्या बाजूनं काटे. खोबरं किसायच्या किसणीला असतात तसे, पण त्याहून मोठे. काट्यांत रक्त वाळलेलं होतं.

"ये क्या है?" रेवतीचा आवाज चढला. "शर्म नहीं आती? जानवर के मुँह में ये डालते हो?"

सतबीर गडबडला नाही की चिडला नाही. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"मैडम, आपने ही तो बोला था. पिछली बार सादी लगाम थी, तो नाची. आपने इतने फोन किए, हिलनी नहीं चाहिए, हिलनी नहीं चाहिए. तो बिना काँटे के कैसे नहीं हिलेगी? जो पार्टी बोलती है, उसके लिए लगाते हैं. नहीं बोलती, तो नहीं लगाते."

रेवतीला वाटलं, म्हणावं की मी असं कुठं सांगितलं होतं? पण सांगितलं होतं ना! 'इंतज़ाम कर दिया है' म्हटल्यावर कसला इंतज़ाम, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. विचारायचं सुचलं नव्हतं असंही नाही. विचारायचं नव्हतं, एवढंच. मयुरा तिच्याकडे बघत होती, तेच जास्त झोंबलं.

"याला कायद्यानं बंदी आहे, आई," मयुरा म्हणाली. "आमच्या क्लबवर पहिल्याच दिवशी सांगतात."

"ठीक आहे. मग नको ही घोडी. परत पाठवू. ती पण सुटली, तू पण सुटलीस."

"परत कशी जाईल ती? हेच तोंडात घालून ना? गाझियाबादपर्यंत?"

"मग काढलंय तसंच राहू दे. नुसती चालेल यात्रेत. वर कोणी नको."

"रिकामी घोडी?" पद्माकरकाकांनी मध्येच तोंड घातलं. "नवरदेव पळून गेल्यासारखी दिसेल ती! काहीतरीच काय."

"मी बसणार आहे काका," मयुरा म्हणाली. "काट्यांशिवाय. नुसत्या दोरीवर."

"अजिबात नाही," रेवती म्हणाली. "वेडी झालीस का? मैत्रेयीचं काय झालं ते बघितलंस ना?"

"मैत्रेयीला घोड्यावर बसता येत नव्हतं. मला येतं."

"सहा महिने रविवारी जाऊन काय येतं गं? तिथली घोडी वेगळी. ही ढोलावर नाचते!"

"मग ढोल बंद ठेवा."

पद्माकरकाकांनी असं बघितलं, जसं काही कोणी पाडवाच रद्द करायला सांगतंय. रेवतीनं मयुराला कोपरानं धरून बाजूला नेलं.

"मयू, ऐक माझं. मी तुझी आई आहे. तुला काही झालं तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू?"

मयुराचा आवाज खाली आला. "आई, आता काटे काढले म्हणून तू मला बसू दिलं नाहीस, तर तो सतबीर काय शिकणार? काटे काढले की कोणी बसत नाही. पुढच्या माणसाला तो हेच सांगणार. आणि ते खरंच असेल. आपणच खरं केलेलं असेल."

रेवतीच्या डोक्यात एकच गोष्ट धावत होती. पाच मिनिटांपूर्वी, फेस दिसायच्या आधी, किती बरं वाटलं होतं! घोडी दगडासारखी उभी, पोरगी सुरक्षित, लोक खूश. आणखी दोन तास कोणी वाकून बघितलं नसतं, तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. हा विचार आला आणि तिला स्वतःचीच किळस आली. पण विचार गेला नाही. आईचं मन मेलं फार स्वार्थी असतं, कोणी काही म्हणो.

"श्याम?" तिनं नवऱ्याकडे बघितलं.

श्यामकांतनं या वेळी जोक केला नाही. "मलाही भीती वाटते," तो म्हणाला. "पण ते काटे बघितल्यावर मी घोडीला ते परत घाला असं नाही सांगू शकत. तू सांगू शकतेस का?"

रेवती पद्माकरकाकांकडे गेली. "काका, आज घोडी पुढे असेपर्यंत ढोल वाजणार नाहीत. फक्त लेझीम, तीही लांब, पार मागे. शेवटी देवळापाशी घोडी बाजूला झाली की मग वाजवा, कान फुटेपर्यंत वाजवा."

"दोन महिने पोरांनी हाताला फोड येईपर्यंत प्रॅक्टिस केलीय!"

"मला माहितीये. त्यांच्यासमोर मी हात जोडीन. पण वाजणार नाहीत म्हणजे नाहीत."

काका लालबुंद झाले, काहीतरी बोलायला गेले, आणि मग त्यांची नजर सतबीरच्या हातातल्या कडीकडे गेली. ते पथकाकडे वळले. तिकडून पोरांचा मोठा ओरडा ऐकू आला.

सतबीरनं चांदनीच्या डोक्याला साधी दोरीची म्होरकी बांधली. रेवतीच्या आजोळी बैलांना असायची तशीच. मग तो दोन पावलं मागे सरकला. "मैडम, ज़िम्मेदारी आपकी. मैं पीछे चलूँगा. कुछ हुआ तो मुझे मत बोलना."

म्हणून दोरी रेवतीच्या हातात आली. जिला सोसायटीतल्या कुत्र्यांचीही भीती वाटायची, ती घोडीच्या तोंडाशी उभी राहिली. लगामाची ती कडी तिनं सतबीरच्या हातातून घेतली, प्रसादाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. मयुरा वर चढली. फेटा सारखा केला. "चल आई," म्हणाली.

यात्रा निघाली. गच्च्यांवरून लोक बघत होते. रेवतीला काही दिसत नव्हतं. तिला फक्त कान होते. मागे लेझीम छमछमली की तिचा जीव उडायचा. एक स्कूटर हॉर्न वाजवत गेली, तिला पर्स फेकून मारावीशी वाटली. आणि चांदनीचं एक चमत्कारिक चाललं होतं. कुठंही जरा आवाज झाला की ती मान वर करायची आणि तोंड वासायची. तोंडात काही नव्हतं. तरी वासायची.

"असं का करतेय ही?" रेवतीनं विचारलं.

"ओढतील म्हणून," वरून मयुरा म्हणाली. "आता काटे रुतणार, असं तिला वाटतंय."

थोडं पुढे गेल्यावर रेवतीनं दोरी आणखी सैल धरली. देऊळ आता लांब नव्हतं. होईल, निभेल, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

आणि वळणावर ते आले. मंडळाचे ढोल बंद करता आले, पण पाडव्याच्या दिवशी दिल्लीत चैत्रातलं नवरात्रही बसतं, हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं. समोरून कलश यात्रा येत होती. डोक्यावर कलश घेतलेल्या बायका, मागे ट्रॅक्टरवर भलेमोठे स्पीकर, आणि पुढे नाचणारी पोरं आणि वरातीतले वाजवतात तसलेच ढोल. धाड धाड धाड.

चांदनीचे कान उभे राहिले. पुढचा पाय उचलला. वर मयुरा डुलली.

रेवतीनं काही विचार केला नाही. दोन्ही हातांनी दोरी धरली आणि जिवाच्या आकांतानं हिसका दिला. खाली, पूर्ण ताकदीनं.

चांदनी जागच्या जागी थिजली. डोळे घट्ट मिटले, तोंड पार वासलं, आणि ती तशीच उभी राहिली, थरथरत. अंगावरची कातडी लाटेसारखी हलत होती. पाय मात्र हलले नाहीत.

"वा, वहिनी! क्या कंट्रोल है!" मागून कोणीतरी ओरडलं. टाळ्यासुद्धा वाजल्या.

रेवतीनं आपल्या हातांकडे बघितलं. मुठी पांढऱ्या पडलेल्या, दोरी तळव्यात रुतलेली. घोडीच्या वासलेल्या तोंडात ओठांचे फाटलेले कोपरे दिसत होते. काटे पर्समध्ये होते, आणि तरी काम तेच झालं होतं. कारण ओढणारा हात तिचा होता.

"आई," मयुरा वरून म्हणाली. अगदी हळू. "सोड."

"पडशील गं!"

"सोड ना. नाचू दे तिला. मी बसलेय."

ढोल जवळ येत होते. रेवतीच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, आणि ते भीतीचं होतं की शरमेचं, हे तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं. तिनं एकेक बोट सैल केलं. दोरी हातात राहिली, पण तिच्यात ओढ राहिली नाही.

चांदनी थोडा वेळ तशीच उभी होती. मग तिनं एक डोळा उघडला. मग पाय उचलला. मग दुसरा. ढोलाच्या ठोक्यावर ती पाय उचलून टाकायला लागली, पुढे नाही, मागे नाही, जागच्या जागी. वर मयुराचा फेटा सुटून खांद्यावर आला. तिनं एका हातानं आयाळ धरली, गुडघे आवळले, आणि घोडी जशी डोलेल तशी डोलत राहिली. रेवती दोरी धरून बाजूबाजूनं सरकत होती. "सांभाळ, सांभाळ," एवढंच तिच्या तोंडून निघत होतं, आणि ते ती मुलीला म्हणत होती की घोडीला, कोण जाणे.

मयुरा पडली नाही. एकदा घसरली, पार घोडीच्या कानाशी गेली. पण सावरली. कलश यात्रा निघून गेली, ढोल लांब गेले, आणि चांदनी थांबली. तोंड मात्र तिनं बराच वेळ मिटलं नाही.

देवळापाशी मयुरा उतरली. रेवतीनं तिला सगळ्यांसमोर घट्ट मिठी मारली आणि लगेच ओरडली, "पुन्हा असं केलंस तर बघ!" मागे पद्माकरकाकांचे ढोल एकदाचे सुटले. सतबीर घोडीला लांब झाडाखाली घेऊन गेला होता. रेवती तिथं गेली.

"मैडम, वो मेरा सामान," सतबीर म्हणाला. "आपके पर्स में है. शाम को बारात है, गाज़ियाबाद के वैशाली में."

"उसमें भी यही लगाओगे?"

"पार्टी ने बोला है. लड़के की माँ है, आप ही के जैसी. सुबह से फोन कर रही है." तो हसला, त्यात टोमणा नव्हता. "वही बात. घोड़ी हिलनी नहीं चाहिए."

रेवतीनं पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. चांदनी शेजारी उभी होती, खालचा ओठ लोंबत होता. कडी दिली नाही तर काय, सतबीर संध्याकाळपर्यंत दुसरी आणेल. आणि त्या बाईला ती दोष कसा देणार होती? आज सकाळी तिला कोणी सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं का?

"उनका नंबर दो," ती म्हणाली.

"किसका?"

"लड़के की माँ का."

सतबीरनं खांदे उडवले आणि नंबर दिला. दोन रिंग झाल्या न झाल्या तोच पलीकडून फोन उचलला गेला. मागे लग्नघराचा गोंगाट, भांडी, कोणाच्यातरी नावानं हाका.

"नमस्ते जी. आप मुझे नहीं जानतीं. मैं मयूर विहार से बोल रही हूँ. शाम को जो घोड़ी आपके यहाँ आ रही है, वो अभी हमारे यहाँ है."

"हाँ हाँ, बोलिए," बाईचा आवाज एकदम घाबरा झाला. "घोड़ी ठीक है ना? देखिए, मेरा एक ही बेटा है. हिलेगी तो नहीं?"

रेवतीनं डोळे मिटले. मग म्हणाली,

"हिलेगी जी. मेरी बेटी बैठी थी. आप दो मिनट मेरी बात सुनिए, फोन मत रखिए."